उत्तर थायलंडहून परतताना तिथलं आंबट सॉसेज घरच्यांसाठी आणावं का?

तुम्ही विचारलंय की चियांग माई आणि खोन केन असा दहा दिवसांचा प्रवास आहे, येताना तिथलं आंबवलेलं सॉसेज पुण्याला घरच्यांसाठी आणायचंय, तर कुठलं घ्यावं, किती दिवस टिकतं, आणि "असलं सडकं मांस खाऊन काही होत नाही ना". बाकीचे प्रश्न ठीक आहेत, मी त्या शेवटच्या प्रश्नातल्या एका शब्दावर अडकलो. सडकं. हाच शब्द 23 डिसेंबर 2015 ला माझ्या थोरल्या भावाने वसईच्या आमच्या घरात, आईच्या देखत वापरला होता. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही. म्हणून आधी तेच सांगतो.

मी सहा वर्षं लाम्पूनला होतो. चियांग माईच्या दक्षिणेला, जेमतेम पंचवीस-सव्वीस किलोमीटरवरचं जुनं गाव. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी मशीन मेंटेनन्सला होतो. राहायला लाम याइच्या, म्हणजे लोंगनच्या बागेला लागून एक खोली होती. घरमालकीण साठीची. तिला मी 'पा' म्हणायचो. थाईत आईच्या किंवा वडिलांच्या मोठ्या बहिणीला पा म्हणतात, आणि त्या वयाच्या कुणाही बाईला तसंच हाक मारतात. पहिल्या वर्षी मी तिच्यासाठी आमच्याकडची सुकेळी नेली होती. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात ती, सुक्या पानात बांधलेली. तिने एक तोंडात टाकलं आणि म्हणाली, हे तर फित्सानुलोकचं क्लुए ताक! तिथेही केळी अशीच उन्हात सुकवतात आणि तिकडे जाणारा प्रत्येक जण ती घेऊन येतो. त्या दिवसापासून पा मला घरातलाच समजायला लागली.

थायलंडमध्ये गावाहून येताना रिकाम्या हाताने येत नाहीत. जे आणतात त्याला 'खोंग फाक' म्हणतात. त्या त्या गावचं खाणं आणायचं असतं, आणि ते नेमकं तिथलंच हवं. आपल्याकडे लोणावळ्याची चिक्की किंवा माहीमचा हलवा आणतात तसं. पण चिक्की महिनाभर डब्यात पडून राहिली तरी बिघडत नाही. आंबट मांसाचं तसं नाही. ते बांधलं त्या क्षणापासून पुढे सरकत असतं. आज कच्चं, परवा आंबूस, तेरवा बरोब्बर, आणि मग रोज जास्त आंबट. देणाऱ्याला ते कधी तोंडात पडणार याचा हिशोब आधी करावा लागतो.

केळीच्या पानात बांधून आंबवलेल्या डुकराच्या मांसाच्या या सॉसेजला थाईत 'नॅम' म्हणतात, उत्तरेत त्यालाच 'चिन सोम'. चिन म्हणजे मांस, सोम म्हणजे आंबट. पा ते दर आठवड्याला करायची. 18 डिसेंबरला तिने माझ्यासाठी बारा पुड्या बांधल्या तेव्हा मी शेजारी बसून होतो. डुकराच्या मांडीचं मांस, चरबी काढून, सुरीने बारीक केलेलं. कातडी वेगळी उकडलेली, आतून खरवडून स्वच्छ केलेली. ती कातडी ती इतकी बारीक कापायची की शेवया वाटाव्यात. त्यात ठेचलेला लसूण, मीठ, आणि वाफवलेला चिकट भात, पाण्यातून काढून मोकळा केलेला. मग कणीक मळतात तसं मळायचं, हाताला चिकटायला लागेपर्यंत. केळीचं पान विस्तवावरून फिरवून लुसलुशीत करून घ्यायचं, त्यावर मुठीएवढा गोळा, वर दोन अख्ख्या मिरच्या, आणि गुंडाळताना अंगठ्याने दाबत दाबत शेवटच्या टोकापर्यंत हवा बाहेर काढायची. पा बांबूच्या ओल्या पट्टीने पुडी इतकी घट्ट आवळायची की पट्टी पानात रुतायची. मी एक बांधली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली, सोडली आणि पुन्हा बांधली. म्हणाली, आत हवा राहिली की सडतं, हवा गेली की आंबतं.

मग ती बोटांवर मोजायला लागली. उन्हाळ्यात तीन दिवस पुरतात, पण आता थंडी आहे, रात्री गारठा असतो, म्हणजे पाच. अठराला बांधलं तर तेवीसला बरोबर लागेल, तुझी आई सोडेल त्या दिवशी. प्रत्येक पानावर बॉलपेनने तारीख लिहिली. चार पुड्यांना बांबूच्या पट्टीवरून लाल दोरा बांधला. का ते शेवटी सांगतो. तेरावी पुडी लहानशी होती, माझ्या हातातल्या पिशवीसाठी, वाटेत भूक लागली तर.

तेवीसला पहाटे घरी पोचलो. बारा पुड्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या, आईला सांगितलं दुपारी मीच करतो, आणि झोपलो. अकराला उठलो तर कप्पा रिकामा. दादाने फ्रिज उघडला होता, एक पुडी सोडली होती, वास घेतला होता, आणि सकाळच्या घंटागाडीत बाराच्या बारा टाकून आला होता. मी विचारलं तर म्हणाला, "सडकं मांस घेऊन येतोस? पोरं आहेत घरात." आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती. ती काहीच बोलली नाही.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. नाताळला डुकराचं मांस आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिजतं. त्याच फ्रिजच्या वरच्या कप्प्यात गोव्याहून आलेली चोरीसची माळ होती, तिचा शिरक्याचा वास दार उघडताच यायचा. बाहेर पडवीत सुके बोंबील टांगले होते. सुकटीच्या चटणीशिवाय दादाला भाकरी जात नाही. तरी केळीच्या पानातल्या त्या पुडीला त्याने नाक मुरडलं, कारण तो वास त्याच्या ओळखीचा नव्हता. ओळखीचा नसलेला वास म्हणजे सडका वास, असं तो तेव्हाही म्हणायचा आणि आजही म्हणतो. मला हे मान्य नाही आणि होणार नाही.

दादा, आणि प्रश्न विचारणारे तुम्हीसुद्धा, हे नीट ऐका. मांसात मीठ घातलं, लसूण घातला, जिवाणूंना खायला भात दिला आणि हवा दाबून बाहेर काढली, की सडवणाऱ्या जंतूंचं तिथे फार काळ चालत नाही. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू मात्र फोफावतात. दह्याच्या विरजणात जे असतात त्यांच्याच जातकुळीतले. ते आम्ल तयार करतात, मिश्रणाचा पीएच तीन-चार दिवसांत 4.6 च्या खाली उतरतो, मांस घट्ट होतं, कापलं तर सुरीला न चिकटता चकती पडते. सडलेलं मांस बुळबुळीत होतं, त्याचा वास नाकात चढतो. चांगल्या चिन सोमचा वास लिंबू पिळलेल्या लसणासारखा असतो. थायलंडच्या बायोटेक या सरकारी संशोधन केंद्राने तर नॅमसाठी खास विरजण तयार केलंय, म्हणजे आंबणं नशिबावर सोडायला नको. आणि 1980 च्या दशकापासून तिथे जंतू मारायला गॅमा किरणांची प्रक्रिया केलेलं नॅमही बाजारात आलंय. एवढा विचार सडक्या वस्तूवर कोणी करत नाही.

तेरावी पुडी माझ्या पिशवीत तशीच होती. ती मी त्याच दुपारी सोडली. चकत्या केल्या, तेलात कांद्यावर परतल्या आणि वर दोन अंडी फोडली. लाम्पूनला घरोघरी असंच करतात. नाहीतर पुडीच निखाऱ्यात पुरून भाजतात, त्याला 'मोक' म्हणतात. आईने भाकरीबरोबर खाल्लं. म्हणाली, "कैरी घातल्यासारखं लागतं रे." आणि आणखी वाढून घेतलं. दादा उठून बाहेर गेला.

जानेवारीत लाम्पूनला परतलो तेव्हा 'पा'ने दारातच विचारलं, "आरोय माय?" चविष्ट होतं का. मी म्हटलं, आईला फार आवडलं. ते खरं होतं. मग तिने विचारलं, आणि भावाला? मी म्हटलं, हो, त्यालाही. तेवढं एक खोटं मी त्या बाईशी सहा वर्षांत बोललो.

आता तुमच्या प्रवासाचं. चियांग माईला वारोरोत बाजारात जा, स्थानिक लोक त्याला 'काद लुआंग' म्हणतात. तिथे नॅमच्या शेजारीच हिरवट-तपकिरी गुंडाळीचं सॉसेज भाजत असतं, ते 'साइ उआ'. गवती चहा, गलांगल (आल्याच्या कुळातला कंद), मकरूट लिंबाचं पान घातलेलं. सुरेख असतं, पण ते आंबवलेलं नाही, ताजं भाजतात. लोक दोन्हीत गल्लत करतात. तसंच ईशान्येला नोंग खाई-उदोनकडे 'नॅम नुआंग' मिळेल. नावात नॅम असलं तरी ते व्हिएतनामी वळणाचं भाजलेलं मांस आहे, आंबट नाही. आणि उबोनचं 'मू यो' उकडलेलं. आंबटच हवं असेल तर ही तिन्ही सोडा.

ईशान्येच्या खोन केनला तिथलं आंबट सॉसेज, 'साइ क्रॉक इसान', रस्त्यावर खा, दुकानातून पाकीट घेऊ नका. डुकराचं मांस, लसूण आणि भात आतड्यात भरून दोऱ्याने लिंबाएवढे मणी बांधतात आणि एक-दोन दिवस टांगून ठेवतात. मग निखाऱ्यावर हळूहळू भाजतात. भात आत फुगतो, कातडं ताणलं जातं, चावल्यावर आधी चरबी-मांसाचा रस येतो आणि मागून आंबटपणा. सोबत कच्चा कोबी, आल्याचे तुकडे आणि हिरव्या मिरच्या देतात, त्या बाजूला सारू नका. एक मणी, एक आल्याचा तुकडा, एक मिरचीचा चावा, असंच खायचं असतं. गाडीवाल्याला विचारा, किती दिवसांचं आहे. आजचंच म्हणाला तर ते नुसतं सॉसेज आहे. दोन-तीन दिवसांचं म्हणाला तर बसा.

वेळ असेल तर चैयाफूमला जा. तिथलं 'मम' मला या सगळ्यांत श्रेष्ठ वाटतं आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. गोमांस आणि यकृत, लसूण, भात किंवा भाजलेल्या तांदळाचं कूट, हे सगळं भरून टांगतात. काळपट, घट्ट, थोडं कडवट, थोडं आंबट. जनावर कापलं की एका दिवसात संपणार नाही ते मांस पुढच्या दिवसांसाठी राखायचं, या गरजेतून आलेलं खाणं आहे हे, आणि चवीत ते कळतं. उत्तरेला फायाओचा मोठा तलाव आहे, तिथे हीच युक्ती माशावर करतात. मासा, मीठ, लसूण, भात. त्याला 'प्ला सोम' म्हणतात. तळून खातात, कोकणातल्या माणसाला पहिल्या घासात आवडेल.

आता आणायचं का. नका आणू. मी आणलं होतं ते चूक होतं, हे आज मला माहीत आहे. भारतात मांस आणि मांसाचे पदार्थ आणायला केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याचा आरोग्यविषयक आयात परवाना लागतो, तो तुमच्या-माझ्या बॅगेत नसतो. कस्टमच्या फॉर्मवर मांसाच्या पदार्थांचा रकानाही आहे. पाकीट सीलबंद आहे, विमानतळाच्या दुकानातलं आहे, याने काही फरक पडत नाही. आणि हा नियम खायच्या माणसासाठी कमी, डुकरांसाठी जास्त आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर माणसाला होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप संपवतो, आणि त्याचा विषाणू खारवलेल्या, आंबवलेल्या मांसातही तग धरू शकतो. भारतात तो 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आला, थायलंडने जानेवारी 2022 मध्ये जाहीर केला. गरीब घरांनी पाळलेली डुकरं मेली. तैवानमध्ये अशा देशातून डुकराचं मांस नेताना पकडलं तर पहिल्याच वेळी दोन लाख तैवानी डॉलर दंड आहे, आणि थायलंडचे कितीतरी कामगार तिथे असल्यामुळे लाम्पूनला हे पोराटोरांनाही माहीत असतं.

दादाने टाकलेल्या त्या पुड्या कचऱ्याच्या डोंगरावर गेल्या असणार, जिथे डुकरं हिंडतात. रोग पसरायला यापेक्षा सोपी वाट नाही. म्हणजे आणणारा मी चुकलो, आणि टाकणाराही चुकला. एवढं मी कबूल करतो. 'सडकं' हा शब्द मात्र कबूल करत नाही.

मग घरच्यांना काय न्यायचं? उत्तरेतून 'थुआ नाओ' आणा. सोयाबीन आंबवून, कुटून, पापडासारख्या पातळ चकत्या करून उन्हात वाळवतात. निखाऱ्यावर भाजून आमटीत चुरायच्या. नावाचा शब्दशः अर्थ सांगू? थुआ म्हणजे कडधान्य, नाओ म्हणजे कुजलेलं. तिथल्या माणसांनी आपल्या आवडत्या वस्तूला स्वतःच प्रेमाने हे नाव ठेवलंय, आणि त्यांच्या तोंडी त्यात नाक मुरडणं नसतं. सोबत पाकीटबंद 'मखवेन' घ्या, ती आपल्या तिरफळाच्याच कुळातली आहे, बांगड्याच्या आमटीत घालून बघा. आणि फित्सानुलोकची सुकी केळी. यातलं काही तीन दिवसांत बिघडत नाही.

'किती दिवस टिकतं' हेही विचारलं होतंत. पिकेपर्यंत तीन ते पाच दिवस, हवेवर अवलंबून. मग फ्रिजात आंबणं मंदावतं पण थांबत नाही. आठवड्याभरात संपवलेलं बरं.

हे आधीच सांगायला हवं होतं, पण आता सांगतो. कच्चं खाऊ नका. तिथे अनेक जण आंबलं म्हणजे शिजलं असं धरून तसंच खातात, शेंगदाणे, आलं आणि छोटे कांदे लावून. मीही वर्षभर खाल्लं. पण आम्लाने सगळे जंतू मरत नाहीत. डुकरात स्ट्रेप्टोकॉकस सुईस नावाचा जिवाणू असतो. कच्च्या मांसातून, रक्तातून तो माणसात आला तर मेंदूच्या आवरणाला सूज येते, आणि वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना कायमचं बहिरेपण येतं. उत्तर थायलंडमध्ये हा आजार परका नाही. बाजारातल्या त्या कुरकुरीत भाताच्या नॅमच्या कोशिंबिरीतही नॅम बहुधा कच्चंच असतं, तेव्हा आधी परतून द्यायला सांगा. पाच मिनिटं जास्त लागतील. गरोदर बाई, म्हातारी माणसं, यकृताचा किंवा दारूचा आजार असलेली माणसं सोबत असतील तर त्यांना कच्च्याच्या वाटेला जाऊच देऊ नका. आणि घरात गोमांस चालत नसेल तर 'नुआ' आणि 'मू' हे दोन शब्द पाठ करा. नुआ म्हणजे गोमांस, मू म्हणजे डुक्कर. मम बहुतेक ठिकाणी नुआचं असतं.

घरच्यांना हे खाऊ घालायची एवढी हौस असेल तर त्यांना तिथे घेऊन जा. डिसेंबर-जानेवारीत जा, हवा चांगली असते. पाच दिवस एकाच गावात राहा, पहिल्या दिवशी बाजारातून ताजी बांधलेली पुडी घ्या, खोलीत टेबलावर ठेवा आणि रोज बोटाने दाबून बघा. मऊ असेल तर वाट बघा. रबरासारखी लागली की मालकिणीला परतून द्यायला सांगा.

माझा भाऊ माझी उत्तरं वाचतो, मला माहीत आहे. म्हणून त्या लाल दोऱ्याचं सांगून थांबतो. जायच्या आदल्या आठवड्यात बोलता बोलता मी 'पा'ला म्हटलं होतं की माझ्या भावाला अल्सर आहे, तिखट चालत नाही. दादा, लाल दोऱ्याच्या चार पुड्यांमध्ये मिरची नव्हती.